ट्रे एकतीस

या कारखान्यात यश म्हणजे
काहीही न घडणं.

मी नेरेइदा. मानाती गावात
इंजेक्शनच्या कुप्या भरणारी नवी लाइन उभी राहतेय,
तो प्रकल्प माझ्या अंगावर.
पडद्यावर दोनशे अकरा आडव्या पट्ट्या,
एकीच्या शेपटीला दुसरीचं डोकं बांधलेलं,
आणि टोकाला लाल चौकोन : तीस सप्टेंबर.
न्यू जर्सीतला माणूस दर मंगळवारी फोनवर
त्या चौकोनाची तब्येत विचारतो.

बाकी सगळ्या पट्ट्या दाबता येतात.
पंप विमानाने आणता येतो,
वेल्डर रात्रपाळीला बोलावता येतो.
एकच पट्टी कुणाचं ऐकत नाही :
नऊ हजार कुप्यांत औषधाऐवजी
मधाच्या रंगाचा रस्सा भरायचा,
जंतूंना आवडेल असा,
आणि एवढं ताट मांडून
पाहुणा येऊ नये म्हणून बसून राहायचं
चौदा दिवस.
तेराव्या दिवशी विचारलं तर जंतू म्हणतात, उद्या बघू.

कुंपणापलीकडे अननसाचं जुनं रान आहे.
अंधार पडला की नखाएवढे बेडूक तिथून हाका मारतात,
को-की, को-की.
त्याच्याही पलीकडे एक बंद कारखाना.
करसवलत संपली तशी कंपनी गेली,
फाटकावर वेल चढला.
माझी आई तिथे सतरा वर्षं गोळ्यांची पाकिटं मोजायची.
तारीख चुकण्याची मला का भीती वाटते
हे मी मंगळवारी सांगत नाही.

अकराव्या दिवशी प्रयोगशाळेतून इडालिसचा फोन.
ट्रे एकतीस. एक कुपी गढूळ.
नऊ हजारांत एक.
काळ्या कागदापुढे धरली तेव्हा आत
दुधाचा थेंब विरघळता विरघळता
मध्येच थांबल्यासारखं काहीतरी.

मग शोध. हवेचे आकडे, दाबाचे आलेख,
गाउनच्या शिवणी,
सहा तासांचं चित्रण.
डोळ्यांत तेल घालून पाहा, म्हणतात;
इथे तेलाचा थेंबही आत नेता येत नाही.
कोरड्या डोळ्यांनीच पाहिलं.
दोन वाजून सतरा मिनिटं. रबरी बुचं अडकली
आणि विल्फ्रेदोचा हात
उघड्या कुप्यांवरून पलीकडे गेला.
अडीच सेकंद.
लाइन थांबवून बारा कुप्या काढायला हव्या होत्या.
थांबवली नाही.

त्याने लपवलंही नव्हतं.
नोंदवहीत निळ्या शाईत, वेळेसकट :
"हात वरून गेला. माझा."
अकरा दिवस ती ओळ आमच्यासमोर होती.
काखेत कळसा.

फॉर्मवर एक रकाना असतो : मूळ कारण.
तिथे बोटांना सवयीने दोन शब्द सापडतात.
मानवी चूक.
मी ते लिहिले. मग पुसले.
आमच्या संगणकात पुसलेलंही राहतं,
कोणी, किती वाजता, सगळं.
राहू दे.

मग जूनमधली माझीच एक पट्टी उघडली.
लाइन अडकल्यास काय करावं, याचा सराव : पाच दिवस.
तो मी दोन दिवसांचा केला होता,
एका मंगळवारी, बोलता बोलता, माउसच्या एका ओढीत.
आणि भरण-कक्षाच्या दाराबाहेर कागद, माझ्या सहीचा :
लाइन थांबवण्याआधी विचार करा.

त्याने विचार केला होता.

रकान्यात हे सगळं लिहिलं. जागा पुरली नाही,
जोडपत्र लावलं.
न्यू जर्सीचा माणूस बराच वेळ गप्प होता,
मग म्हणाला, नवी तारीख द्या.
मी म्हणाले, आधी पाच दिवस द्या.

आज पुन्हा पहिला दिवस. नवे ट्रे उबदार खोलीत गेले.
जेवणाच्या सुट्टीत विल्फ्रेदो समोर येऊन बसला,
बायकोने तळलेला पास्तेलियो मधोमध मोडला,
अर्धा माझ्याकडे सरकवला. बोलला काहीच नाही.
बोटांना तेल लागलं.
मी हात धुतले.
पुन्हा धुतले, कोपरापर्यंत,
आणि आत गेले.